विटांखाली डोळा न मिटणारी बाई

मी मुळात तापट आहे. पुण्यात माझी आई म्हणायची, ही पोर दुधाच्या आधी उतू जाते. कुणाची स्तुती करायची म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यातून सासूची स्तुती म्हणजे बोलायलाच नको. पण आमच्या आईंबद्दल, म्हणजे जयप्रकाशच्या आई शामलाबाईंबद्दल, मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या जानेवारीत त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

आई सास्तूरच्या. किल्लारीच्या भूकंपात जी गावं गेली त्यातलं हे एक. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गाव दमून झोपलं आणि पहाटे दगडमातीच्या भिंती, वरचं माळवद, सगळं अंगावर आलं. आईंचे यजमान गेले, थोरली मुलगी, जयप्रकाशची ताई, गेली. पाच वर्षांचा जयप्रकाश खाटेखाली अडकला होता, त्याला आईंनी नखांनी माती उकरून बाहेर काढला. पुढे नव्या गावठाणात पक्कं, हादरे झेलणारं घर मिळालं. आईंनी त्यात ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः अंगणात पत्र्याची शेड टाकून तिथे झोपायला लागल्या. त्यानंतर विटा-दगडाच्या घरात त्यांनी कधी डोळा मिटला नाही. दिवसा आत येतील, स्वयंपाक करतील, गप्पा मारतील, पण दुपारची डुलकीसुद्धा नाही. आमच्या लग्नात सगळे कार्यालयातल्या खोल्यांत गाद्यांवर लोळत होते आणि या बाहेर मांडवात, खुर्च्यांच्या रांगेमागे सतरंजी टाकून झोपल्या. मी नवी नवरी. मला वाटलं, काय हे नखरे!

जयप्रकाश सिव्हिल इंजिनियर झाला, नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकला. आधी आम्ही लायडस्खेनडामला एका फ्लॅटमध्ये राहायचो, मग त्याला नोकरी लागली ती पार उत्तरेला, ग्रोनिंगन प्रांतात. या प्रांताच्या पोटात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा आहे, जवळजवळ तीन किलोमीटर खोल. साठेक वर्षं तो उपसून अख्ख्या देशाची घरं गरम झाली, शेजारच्या जर्मनीतली झाली, बेल्जियम-फ्रान्सपर्यंत गेला. आणि खालून वायू काढला की वरची जमीन बसते, मधूनच हादरते. हादरे लहानच, पण उथळ, आणि इथली घरं विटांची. भिंतींना भेगा पडतात, धुराडी हलतात. अशा घरांची तपासणी करायची, कुठल्या भिंतीला टेकू द्यायचा, कुठल्या घरात कुणी झोपू नये ते सांगायचं, हे जयप्रकाशचं काम. आणि माझं? मी वायू वाहून नेणाऱ्या एका कंपनीत आयटीत. कुठल्या नळीतून किती वायू जर्मनीच्या हद्दीपार गेला ते दाखवणाऱ्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. म्हणजे नवरा भेगा बघणार आणि बायको त्या भेगांचं कारण सीमेपलीकडे धाडणार! आमच्या घरातला हा नेहमीचा विनोद.

आईंना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. जयप्रकाशनं त्यांना सांगितलं होतं, मी पुलांचं काम करतो.

दोन हजार एकवीसच्या शरदात आमची इरावती जन्मली. आईंचे लशीचे दोन्ही डोस झाले होते, प्रवासाची दारंही नुकतीच किलकिली झाली होती, त्या आल्या. त्यांच्यासाठी जयप्रकाशनं उन्हाळाभर खपून परसात लाकडाची एक छान खोली बांधली होती. विजेचा हीटर, जाड गादी, खिडकीला पडदा. आईंनी आत पाऊल टाकलं, लाकडी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "ब्येस हाय."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी समोरच्या घरातल्या ख्रीत तामिंगा आमच्या फाटकाशी उभ्या. वय ऐंशीच्या पुढे, काठीसारख्या ताठ, तोंडावर मास्क, आणि डोळ्यांत असा अंगार की मी लेकराला छातीशी धरलं. "तुमच्या देशात म्हाताऱ्या आईला सायकलीच्या खोलीत झोपवतात का?" त्या कडाडल्या. "इथे दव गोठायला लागलंय! मी गेमेंटेला, नगरपालिकेला फोन करीन!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ही कोण आम्हाला शिकवणार? मी माझ्या मोडक्या डचमध्ये तोंडाला येईल ते बोलले. बहुतेक सगळी क्रियापदं चुकली, पण राग बरोबर पोचला. तेवढ्यात जयप्रकाश बाहेर आला आणि त्यानं शांतपणे त्यांना सास्तूरची हकीगत सांगितली. ख्रीतबाईंचा चेहरा उतरत गेला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आणि आपण कुठे आलोय हे तिला माहीत आहे?" जयप्रकाशनं नकारार्थी मान हलवली. ख्रीतबाई म्हणाल्या, "बरं. माझ्याकडून कळणार नाही."

त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच. एकीला मराठवाडी सोडून काही येत नाही, दुसरीला ग्रोनिंगनची बोली सोडून काही बोलायची इच्छा नाही. रोज सकाळी ख्रीतबाईंच्या खिडकीपाशी कॉफी. खिडकी उघडी, एक आत, एक बाहेर बाकड्यावर, कोरोनाचा नियम पाळून. पहिल्या दिवशी आई फणफणत परत आल्या. "एक बिस्कुट दिलं आन् डबा बंद केला गं तिनं! माज्या डोळ्यादेखत!" मी हसून हसून बेजार. इथे पाहुण्याला एकच बिस्किट, ही रीतच आहे, हे त्यांना पटवता पटवता माझी दमछाक झाली. दुसऱ्या दिवशी आई शेंगदाण्याच्या चटणीची अख्खी बरणी घेऊन गेल्या आणि झाकण न लावता तिथेच ठेवून आल्या. आठवड्याभरात बिस्किटांचा डबा उघडा राहायला लागला. मी या देशात इतकी वर्षं आहे, माझ्यासाठी अजून कुणी डबा उघडा ठेवलेला नाही.

घरात मात्र आमची रोज चकमक. आई आत असल्या की मागचं दार उघडं लागायचं, पळायला वाट हवी म्हणून. बाहेर बर्फाळ वारा, आत हीटर चालू, गॅसचे दर त्या हिवाळ्यात आकाशाला भिडलेले. "आई, आपण अख्ख्या ग्रोनिंगनला गरम करतोय!" मी ओरडायचे. त्यावर त्या थंडपणे टीव्हीकडे बोट दाखवायच्या. कोरोनासाठी घरात हवा खेळती ठेवा, असं सरकारच सांगत होतं. आता काय बोलणार, कपाळ!

डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं. शाळा, दुकानं, माझं ऑफिस. अशाच एका सकाळी मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते, आई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. एकदम त्यांचा हात थांबला. मला काही ऐकू आलं नव्हतं, काही जाणवलंही नव्हतं. "आला," एवढंच त्या म्हणाल्या. माझी मान वळेपर्यंत त्यांनी पाळण्यातून इरावतीला उचललं आणि उघड्या दारातून बाहेर. मग आवाज आला. लांबलचक मालट्रक भिंतीला घासून जावा तसा. कपाटातल्या बशा थरथरल्या, संपलं. मी धावत बाहेर गेले तर आई हिवाळी गवतात अनवाणी उभ्या, कणकेचे... नव्हे, ज्वारीच्या पिठाचे हात लेकराच्या डोक्यावर. पोर माझ्या हातात कोंबलं आणि त्या तशाच ख्रीतबाईंकडे पळाल्या. ख्रीतबाई दारात कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांना आईंनी दंडाला धरून ओढत रस्त्यावर आणलं. कसला कोरोना आणि कसलं अंतर!

ख्रीतबाई त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, छोटासा होता, येतात असे. शब्द आईंना कळले नाहीत, पण चेहरा कळला. त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याही नव्हतं. "तुमा समद्यांस्नी ठाव हुतं," आई म्हणाल्या.

मला वाटलं, आता आकांत होणार. उद्याचं विमान मागतील. काही नाही. दुपारी जयप्रकाश धापा टाकत घरी आला तेव्हा त्या बाहेरच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "पूल कुठाय तुजा?" त्यांनी विचारलं. "दाखव मला."

तो त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. लाकडी टेकूंवर तोललेली घरं, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेलं एक जुनं चर्च, रिकामी झालेली एक गल्ली. आई प्रत्येक ठिकाणी उतरल्या, भेगांवर हात ठेवला. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "घरं पडू नयेत म्हणून हिंडतोस, आन् मला पूल सांगितलास?" जयप्रकाश रडायला लागला. "खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस." "नसते आले," आई म्हणाल्या. "पर आता हाय की. लेकरू हाय हितं."

मग त्यांनी मला विचारलं की ही जमीन कशानं हलते. मी माझ्या परीनं समजावलं. खाली वायू आहे, तो काढतात, म्हणून.  "म्हंजे देवानं न्हाई? मानूस हलवतो?" त्यांनी खाली वाकून जमिनीला तळवा लावला. "आमच्याकडं भांडायला कुनी नव्हतं गं, मृदुला. कुनाच्या नावानं वरडावं? हितं हाय कुनीतरी. मग हे लोक भांडत का न्हाईत?"

भांडायची वेळ लवकरच आली. जानेवारीच्या सुरुवातीला हेगहून, म्हणजे सरकारकडून, बातमी आली. इथला उपसा वर्षानुवर्षं कमी करत आणला होता, विहिरी कायमच्या बंद करायचं वचन दिलं होतं. आता सरकार म्हणत होतं की यंदा ठरल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू काढावा लागेल, कारण जर्मनीला अपेक्षेपेक्षा जास्त हवा आहे आणि करारानं आपण बांधलेले आहोत. शिवाय बाहेरचा वायू इथल्यासारखा पातळ करणारा नायट्रोजनचा नवा कारखानाही वेळेत तयार झाला नाही. अहो, प्रांत पेटला! महापौर चिडले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन निघाले, टीव्हीवर जो तो जर्मनीच्या नावानं बोटं मोडत होता. पूर्वेकडून युरोपात येणारा रशियाचा वायूही तेव्हा आखडला होता, साठे रिकामे होते. दर वाढलेले, लोक आधीच कावलेले. जर्मनीचे मंत्री म्हणत होते की आम्ही काही ज्यादा मागितलेलं नाही. खरं कोण, खोटं कोण, मी रोज तो आकडा स्क्रीनवर बघायचे आणि मलाही सांगता आलं नसतं.

"तू बंद कर की," आई म्हणाल्या. "तुज्याच मशिनीत दिसतंय नव्हं?"

"दिसतं नुसतं, आई. बटण माझ्या हातात नाही. आणि बंद केलं तर पलीकडच्या लोकांनी काय करायचं?" मी त्यांना सांगितलं की इथला वायू म्हणजे पाणी घातलेलं दूध. बाहेरून येतो तो सायीचा. सीमेपलीकडच्या जर्मन घरांतल्या शेगड्या, बंब, सगळे या पातळ दुधावर चालतील असे बनवलेत. दाट दिलं तर पेटणं धोक्याचं. म्हणून तिकडे घरोघर माणूस पाठवून एकेक बंब बदलून द्यावा लागतो. लाखो घरं! त्यात कोरोना, कोण कुणाला घरात घेतंय? आई थक्क झाल्या. "एवड्या घरांची ऊब ह्या एका जमिनीतून?" त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. पुढे त्या जे म्हणाल्या ते मी कंपनीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये ऐकलं नव्हतं. "मग तिकडच्या बायांचा काय दोष?"

तिकडची एक बाई तर अगदी जवळची निघाली. ख्रीतबाईंची धाकटी बहीण हिन्रिका. पन्नास वर्षांपूर्वी जर्मन माणसाशी लग्न करून सीमेपलीकडच्या लेअर गावी गेली. गाडीनं तासाभराच्या आतलं अंतर. पण दोघी म्हाताऱ्या, कोरोनाच्या भीतीनं दोन वर्षं भेट नाही, रोज फक्त फोन. त्या बातमीनंतर फोनवर भडका उडाला. मी नेमकी तिथे सूप द्यायला गेले होते. "तुझ्या हीटरसाठी माझं घर हलतंय!" ख्रीतबाई किंचाळल्या. पलीकडून रडका आवाज, "माझा बंब दुसरं काही घेतच नाही! बदलणारा माणूस दोनदा यायचा राहिला, त्यात माझी काय चूक?" ख्रीतबाईंनी फोन आपटला. माझ्या हातातलं सूप तसंच निवलं.

मधल्या एका शनिवारी ग्रोनिंगन शहरात मशाल मोर्चा निघाला. मी आणि जयप्रकाश गेलो. मास्क लावलेली हजारो माणसं, अंतर ठेवून, मशाली धरून, थंडीत गुपचूप चालणारी. मी आयुष्यात इतकी आग इतकी शांत पाहिलेली नाही. माझ्या शेजारून चालणाऱ्या एका आजोबांच्या मशालीवर राख धरली होती, ती झटकायलाही ते थांबत नव्हते. आई आल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मिरवणूक हाय का?" आणि लेकराला घेऊन आपल्या लाकडी खोलीत गेल्या. त्या अनंत चतुर्दशीनंतर त्यांना मिरवणूक नको असते, हे मला तेव्हा उमगलं. मी घरातून निघताना उगाचच दोनदा त्यांना हाक मारली.

मोर्चानंतरच्या आठवड्यात ख्रीतबाईंच्या घराची तपासणी झाली. डिसेंबरच्या हादऱ्यानं छपराखालची त्रिकोणी भिंत मूळ भिंतीपासून सुटली होती. जयप्रकाशनं वर चढून पाहिलं आणि उतरला तेव्हा तोंडावर रंग नव्हता. "इथे आता झोपायचं नाही. आजच निघा." गावाबाहेर अशा लोकांसाठी तात्पुरती लाकडी घरं होती, एक रिकामंही होतं. ख्रीतबाई म्हणाल्या, "नाही."

त्यांचं म्हणणं असं. नवरा याच घरात गेला, मुलं याच घरात झाली. पण ते कारण नव्हतं. "मी बाहेर पडले की हेगमधले म्हणतील, चला, म्हातारीची सोय झाली, आता नळ सोडा. मी इथे बसून राहीन. पडू दे माझ्यावर, मग बघू जर्मनीला काय सांगतात." जयप्रकाशनं विनवलं, गेमेंटेचा माणूस आला, डॉक्टरीणबाई आल्या. कुणालाही ओढून नेता येत नव्हतं. आणि पलीकडे हिन्रिकाबाई? त्यांनी भाचीकडून निरोप धाडला होता, "मी हीटर बंद केलाय. ताई बाहेर पडेपर्यंत लावणार नाही." एक ऐंशीच्या पुढची सुटलेल्या भिंतीखाली, दुसरी ओव्हरकोट घालून गार घरात. दोन देश भांडत होते आणि जीव या दोघी पणाला लावून बसल्या होत्या. काय म्हणायचं अशा हट्टाला! मी तर सरळ दोघींना शिव्या घातल्या.

दोन दिवस जयप्रकाश जेवला नाही. नुसतं काम नव्हतंच ते त्याच्यासाठी. तिसऱ्या दुपारी तो पुन्हा जाऊन हात हलवत परत आला. आई इरावतीला न्हाऊ घालत होत्या.

"कंची भिंत?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याकडची, वरची."

"आन् ती झोपती कुटं?"

"तिच्याच खाली. जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली आणलाय."

आईंनी लेकराला पुसलं, कपडे घातले, माझ्या हातात दिलं. मग परसात जाऊन आपली गोधडी घेऊन आल्या आणि रस्ता ओलांडून चालायला लागल्या. मला वाटलं, समजूत घालायला चालल्यात, थंडी वाजेल म्हणून गोधडी. मी आणि जयप्रकाश मागोमाग निघालो.

इथे लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. रस्त्यावरून अख्खी खोली दिसते. आम्ही पोचेपर्यंत आई आत होत्या. त्यांनी पलंगाशेजारी, बरोबर त्या भिंतीखाली, गोधडी अंथरली, त्यावर उताण्या झोपल्या आणि डोळे मिटले.

जयप्रकाशच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायचाही नाही. तो दाराकडे धावला. आई डोळे न उघडता ओरडल्या, "तू भाईरच ऱ्हा! तुला येकदा काढलाय मी. पुन्ना आत पाय टाकायचा न्हाई!" तेहतीस वर्षांचा माझा नवरा उंबऱ्यावर खिळला. मी खिडकीतून बघत होते. आईंचं सगळं अंग थरथरत होतं. मुठी अशा आवळल्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते. पण डोळे मिटलेलेच.

ख्रीतबाई त्यांच्यावर वाकल्या. "ऊठ," त्या आपल्या बोलीत म्हणाल्या. आई हलल्या नाहीत. "अरे, तिला उठायला सांग!" त्या जयप्रकाशवर ओरडल्या. तो म्हणाला, "माझं ऐकणार नाही ती."

"पण तिला हवंय तरी काय?"

जयप्रकाशनं विचारलं. आई म्हणाल्या, "तिला म्हनावं, तू हायीस तवर मी हाय."

त्यानं ते डचमध्ये सांगितलं. ख्रीतबाई सरळ झाल्या. भिंतीकडे पाहिलं, खाली पडलेल्या त्या कापणाऱ्या बाईकडे पाहिलं. सास्तूरची गोष्ट त्यांना ठाऊक होती. ही बाई कशाखाली झोपली आहे आणि त्यासाठी तिला काय करावं लागतंय, हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. सरकारपुढे, इंजिनियरपुढे, डॉक्टरीणबाईंपुढे न वाकलेली ती काठी माझ्या डोळ्यांसमोर वाकली. त्या गुडघ्यांवर बसल्या, जमिनीला हात टेकत, आणि आईंची आवळलेली मूठ त्यांनी दोन्ही हातांत धरली. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, कोट चढवला आणि आईंना हाताला धरून उठवलं. दोघी बाहेर आल्या. मी रस्त्यावर उभी राहून ढसाढसा रडत होते. मला, मृदुलाला, तिथल्या तिथे त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलंही.

ती भिंत त्या दिवशी पडली नाही, हेही सांगते. टेकू लागले, पुढे ती उतरवली. मागाहून सरकारनंही आकडा बराच खाली आणला. मोर्चामुळे की जर्मनीच्या हिशेबामुळे, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रस्त्यावरच ख्रीतबाईंनी माझ्याकडे फोन मागितला. त्यांची बोटं गारठली होती, नंबर मी लावून दिला, आवाज मोठा केला. "हिन्रिका," त्या म्हणाल्या, "मी बाहेर आलेय. हीटर लाव."  पलीकडून म्हातारीच्या सपातांचा फरफटत जाणारा आवाज, एक खटका, आणि बंब पेटल्याची घुर्र. नंतर दोघीही नुसत्या रडत होत्या, सीमेच्या दोन्ही बाजूंना.

आई लांब उभ्या राहून ऐकत होत्या. जयप्रकाशनं त्यांना घट्ट धरलं होतं. "आई, भीती नाही वाटली?" त्यानं विचारलं.

"वाटली की. लई वाटली," आई म्हणाल्या. "डोळे मिटले तर तुजी ताई दिसली. म्हनून मिटूनच ठेवले."